घोड्याला मान खाली घालू द्या

डिसेंबर लागला की गणपतीपुळे, कर्दे, मुरूड, गुहागरच्या किनाऱ्यांवर पर्यटक उतरतात आणि त्यांच्या पोरांना फिरवायला घोडेही. पर्यटक गाडीत झोपून येतो. घाटावरचा घोडा टेम्पोत उभ्याने येतो, आंबा घाटाच्या नाहीतर कुंभार्लीच्या प्रत्येक वळणावर तोल सावरत. दोन दिवसांनी तो खोकायला लागला, चंदीला तोंड लावेना, की निदान तयार : कोकणची हवा मानवली नाही.

हवेवर ढकलणं सोपं आहे. दोष दोरीचा आहे.

घोडा हलू नये, शेजारच्याला चावू नये म्हणून त्याचं तोंड वर आखडून बांधतात. चरणारं हे जनावर दिवसाचा बराच वेळ मान खाली ठेवून जगतं. श्वासनलिकेत गेलेली धूळ, शेंबूड, घशातले जिवाणू मान खाली गेली की उताराने बाहेर येतात. मान वर अडकवली की तेच फुफ्फुसाकडे उतरतं. १९९० मध्ये सिडनीच्या संशोधकांनी निरोगी घोडे नुसते मान वर बांधून उभे केले. गाडी नाही, प्रवास नाही. तरी दिवसाच्या आत त्यांच्या श्वासनलिकेत जिवाणू आणि घाण साठू लागली. टेम्पोत त्यावर कडब्याची धूळ, तहान आणि भीती चढते. ताणाने प्रतिकारशक्ती खचते. एरवी घशात निमूट राहणारा स्ट्रेप्टोकॉकस मग फुफ्फुसात घर करतो. न्यूमोनिया होतो, पुढे छातीत पाणी भरतं. दुखतं म्हणून घोडा पाऊल टाकत नाही, आणि आपण त्याला अडेल ठरवून चाबूक काढतो.

कायदा नाही असं नाही. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत सगळं आहे : पशुवैद्यकाचा दाखला, एका गाडीत चार ते सहाच घोडे, पाय घसरणार नाही असा तळ, वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. दत्तजयंतीच्या सारंगखेडा यात्रेत घेतलेला घोडा रत्नागिरीला आणायचा तर अंतर सहाशे किलोमीटरहून जास्त. म्हणजे नियमाने सतरा तासांच्या वर, विसावे वेगळे. हे मोजायला नाक्यावर कोण उभं आहे?

आपल्याच जिल्ह्यातलं दाभोळ बहमनी काळात घोड्यांचं मोठं बंदर होतं. पंधराव्या शतकातला रशियन व्यापारी अफनासी निकितिन तिथल्या घोड्यांच्या आवकेबद्दल लिहून गेला. त्याच शतकात विजयनगरचा साळुव नरसिंह, समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी व्यापाऱ्याला जिवंत घोड्याची किंमत देत असे, अशी नोंद पोर्तुगीज नुनिझने केली आहे. वाटेत घोडे मरतात हे राजाने हिशेबात धरलं होतं. आज तो भुर्दंड एकट्या घोडेवाल्यावर पडतो. कर्ज काढून घोडा घेतलेल्याचा तर धंदाच बसतो.

म्हणून घोडेवाल्या भावांनो, दोरी इतकी सैल ठेवा की घोड्याची मान गुडघ्यापर्यंत जाईल. दर चार-पाच तासांनी गाडी थांबवा, पाणी पाजा, चारा ओला करून खाली टाका. किनाऱ्यावर पोहोचल्यावर तीन दिवस सवारी नको, मग शनिवार-रविवारची गर्दी कितीही असो. सकाळ-संध्याकाळ ताप बघा. १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला, तर मागच्या खेपेचं उरलेलं इंजेक्शन टोचू नका, डॉक्टरांना बोलवा. या दुखण्यात पहिला दिवस वाया गेला तर पुढचे महिने जातात.

आणि पर्यटकहो, खोकणाऱ्या, नाक वाहणाऱ्या घोड्यावर पोराला बसवू नका. घोडेवाल्याशी भांडू नका. त्याच्यासमोर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा नंबर फिरवा. फोन फुकट लागतो.