व्हायरसपालन : नवशिक्यांसाठी घरगुती मार्गदर्शिका

शेळीपालनाची माहितीपत्रके निघतात, कुक्कुटपालनाची निघतात. कॉम्प्युटरमधल्या व्हायरसपालनाचे मात्र अजून कोणी काढलेले नाही. या धंद्याला ना जागा लागते, ना कर्ज, ना अनुदानाचा अर्ज. नंदुरबार जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत तो नकळत चालूच आहे. तोच जरा शास्त्रशुद्ध व्हावा, म्हणून हा खटाटोप.

नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांनी मात्र हे वाचू नये. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006मध्ये त्यांच्याच तालुक्यात सापडला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि 2021मध्ये तो पुन्हा आला. शेडच्या दारात जंतुनाशक का ठेवायचे, एका शेडचा अंड्यांचा ट्रे दुसऱ्या शेडमध्ये का न्यायचा नाही, हे त्या माणसाला सांगावे लागत नाही. अशाच्या हातून व्हायरसपालन होणे कठीण. निदान शेडमध्ये तरी! घरी आल्यावर तोच गृहस्थ कोणाचाही पेनड्राइव्ह बेधडक लावतो, एवढीच काय ती आशा.

बीज : खात्रीचे बीज पेनड्राइव्हवरच मिळते. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, कुठल्याही गावातले झेरॉक्सचे दुकान गाठावे. कोणाचा सातबारा, कोणाचे हॉल तिकीट, कोणाची लग्नपत्रिका. दिवसभर सगळ्यांचे पेनड्राइव्ह एकाच कॉम्प्युटरला लागून जातात. तिथे आपलाही लावून यावा. ते जमले नाही तर मित्राकडून अहिराणी डीजे गाण्यांचा ड्राइव्ह आणावा. हा माल चांदसैली घाट चढून धडगावलाही पोचतो, तोही खिशातून, इंटरनेटशिवाय. ज्या स्टक्सनेट व्हायरसने 2010मध्ये जगाला हादरवले, तोदेखील इंटरनेटला न जोडलेल्या इराणी अणुकेंद्रात पेनड्राइव्हवरूनच शिरला असे मानतात. तेव्हा ‘आमच्याकडे नेटच नाही’ म्हणून कोणी निराश होऊ नये.

घरी आल्यावर ‘लग्न फोटो’ या फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतो का ते पाहावे. दिसला तर बीज उत्तम. व्हायरसने खरे फोल्डर लपवून त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवलेला असतो. डबल-क्लिक केले की आधी तो स्वतः चालतो आणि मग इमानेइतबारे फोटोही उघडून देतो. फोटो दिसल्यावर शंका कशाला येते? एक्स्पीच्या काळात एवढेही पाहावे लागत नसे. ऑटोरनमुळे नुसता ड्राइव्ह उघडला तरी काम होई. 2011मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठीही अपडेट काढून ती सोय बंद केली. आता क्लिकचे कष्ट आपल्यालाच घ्यावे लागतात. उजवे क्लिक केल्यास ‘स्कॅन’ असाही पर्याय येतो. तिकडे ढुंकूनही पाहू नये. ‘काही व्हत नही भो’ म्हणावे आणि उघडावे.

शेड : चोरीचे विंडोज असावे. ते चालू करणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरसोबत बहुधा पहिलीच सूचना येते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. इतकी स्वच्छ सूचना कुठल्या सरकारी पत्रकातही सापडायची नाही. गंमत म्हणजे पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जाणारा ब्रेन 1986मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिला, तो आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींवर नजर ठेवायला, असे ते सांगत. त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. आजचे लोक एवढे सभ्य राहिलेले नाहीत.

लसीकरण : टाळावे. अपडेट आले की ‘नंतर’ दाबावे. सबबी तयार आहेत: लाइट जाईल, हॉटस्पॉटचा डेटा संपेल. 12 मे 2017 रोजी सुरू झालेल्या वॉनाक्रायने दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. त्यावरचे अपडेट मार्चमध्येच आलेले होते; ‘नंतर’ दाबणाऱ्यांनीच ही मोहीम यशस्वी केली. विंडोज 10 असेल तर दुधात साखर, त्याची नेहमीची मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली.

अँटिव्हायरस हवाच असेल तर मुदत संपलेला ठेवावा. विंडोजमध्ये डिफेंडर फुकट येतो, ही बातमी घरात फुटू देऊ नये. रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, धाकटे भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला, आणि त्यातून उभी राहिलेली क्विक हील 2016मध्ये शेअर बाजारात गेली. यात आपल्यासारख्या पालकांचा हातभार कोणी मोजत नाही.

आजारपण : कॉम्प्युटर फारच रखडू लागला की दुकानात नेऊन फॉरमॅट मारून घ्यावा. दुकानदार बहुधा सी ड्राइव्ह पुसतो आणि डी जपतो. व्हायरस डीमध्ये सुखरूप राहतो. शंका नको म्हणून घरी येताच तोच गाण्यांचा पेनड्राइव्ह पुन्हा लावावा. फोटोंचा बॅकअपही सीमधून डीमध्ये घ्यावा, म्हणजे हार्ड डिस्क एकच राहते आणि जायचे ते एकदमच जाते. वेगळ्या डिस्कवर प्रत काढून ती कपाटात ठेवणाऱ्यांना या धंद्यात भवितव्य नाही.

उत्पन्न : देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. ती परंपरा पुढे नेण्यासाठी घरातल्या सगळ्यांचे आधार, पॅन आणि पासबुक स्कॅन करून डेस्कटॉपवर ‘महत्त्वाचे’ या नावाने ठेवावे. चोराला शोधाशोध पडता कामा नये. जोडीला मोबाइल घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल आली की ती बसवावी आणि मेसेज वाचायची परवानगी द्यावी. ओटीपी परस्पर पोचतो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, तिला अ‍ॅप लागत नाही, असे पोरगी म्हणाली तर तिला अभ्यासाला बसवावे.

उत्पन्न अर्थातच समोरच्याला मिळते.

पैसे गेल्यावर 1930 या सायबर हेल्पलाइनच्या क्रमांकावर लगेच फोन केला तर ते वाटेतल्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. म्हणून व्हायरसपालकाने आधी मेहुण्याला विचारावे, मग बँकेत ओळखीचा कोण आहे ते शोधावे, आणि सोमवारी पोलीस ठाण्यात जावे. तोवर पैसे तीन खाती ओलांडून एटीएममधून बाहेर पडलेले असतात.