विसरलेला हातचा

यंत्राला बुद्धी आहे की नाही हे ठरवण्यासाठी गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांनी १९५० मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात ‘अनुकरणाचा खेळ’ सुचवला. त्यात दुसऱ्या खोलीतून टंकलिखित उत्तरे येतात आणि उत्तर देणारा माणूस आहे की यंत्र, हे परीक्षकाने ओळखायचे असते. त्याच लेखातल्या नमुना-संवादात ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारली असता उत्तर देणारा सुमारे तीस सेकंद थांबतो आणि १०५६२१ असे सांगतो, म्हणजे शतकस्थानी एक हातचा विसरतो. यंत्राने मुद्दाम अशा चुका कराव्यात, हेही ट्यूरिंग पुढे सुचवतात. माणूस म्हणून खपायचे तर रेंगाळावे आणि चुकावे, एवढी माफक अपेक्षा माणसाविषयी त्यापूर्वी क्वचितच कोणी नोंदवली असेल.

१९९७ मध्ये सेकंदाला पटावरच्या सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या ‘डीप ब्लू’ या संगणकाने बुद्धिबळाचे जगज्जेते कास्पारोव्ह यांना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले (मोहरे हलवायला मात्र त्याच्या वतीने माणूसच बसला होता), आणि बुद्धिबळ ही बुद्धी नसून निव्वळ आकडेमोड आहे, असा साक्षात्कार अनेक विद्वानांना लगोलग झाला.

आता परीक्षकाच्या खुर्चीत यंत्र आहे. ऑनलाइन वीजबिल भरू पाहणारा गृहस्थ आपण माणूसच आहोत हे पटवण्यासाठी चित्राच्या नऊ चौकोनांतले सिग्नल शोधतो, खांब सिग्नलात धरावा की नाही यावर अडतो आणि नापास होतो. या परीक्षेला ‘कॅप्चा’ म्हणतात. त्या इंग्रजी नावातला ‘टी’ ट्यूरिंग यांचा आहे.