इंडियानाहून ग्वाल्हेरच्या लष्करला

तीर्थरूप आई-बाबांस,

आम्ही सगळे खुशाल आहोत. कपडे अजून वाळायचे आहेत, एवढंच.

काल चार जुलै. 1776 मध्ये इथल्या लोकांनी इंग्रजांना रामराम ठोकला तो दिवस. फटाके बघायला इंडियानापोलिसबाहेर एका खेड्यात गेलो होतो. चहूकडे मक्याची शेतं आणि मधल्या मैदानात अख्खं गाव खुर्च्या मांडून बसलेलं. इथे सूर्यच नऊनंतर मावळतो, त्यामुळे अंधाराची वाट बघता बघता मठऱ्यांचा डबा रिकामा झाला. पश्चिमेला वीज लवत होती. मी म्हटलं, निघू या. हे पडले पुण्याचे. म्हणाले, "तो पाऊस इकडे येणार नाही." ढगांपर्यंत हा निरोप पोचला नसावा.

फटाके छान होते, पण बाबा, तुम्ही नाक मुरडलं असतं. ग्वाल्हेर घराण्याच्या कानांना ते कसं रुचावं? ना आलाप, ना विलंबित. थेट तराणा आणि लगेच भैरवी! खरी मैफल नंतर पश्चिमेकडून सुरू झाली. आधी खर्जात नुसती गुरगुर, मग अर्धं आभाळ व्यापणारी आडवी वीज. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. आमच्या चिनूला वाटलं, फटाके उरले होते. वीज चमकली की तो आकडे मोजायचा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. पंधरा झाले, नऊ झाले, तीनवर आल्यावर मैदानात एकही खुर्ची उरली नाही. इथलं हवामान खातं तर सांगतं, गडगडाट कानावर आला की आकडे न मोजता आत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. यांनी मात्र आधी छत्री उघडली. ती आता मक्यात आहे.

मग गाडीत बसून बघितलं. आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात, नवतपात, आंधी येते तेव्हा पाऊस बऱ्याचदा वरच्या वरच वाळून जातो, आपल्या वाट्याला धूळ. इथे मेक्सिकोच्या आखाताकडून दमट हवा येत राहते, त्यामुळे आभाळ हात आखडत नाही. काच पुसून पुसून हात दुखले. हे म्हणाले, "पुण्यात असा पाऊस नसतो." पुण्यात काहीतरी नसतं, हे त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं!

आणि हो बाबा, ढग गडगडायला लागले की छतावर पापड गोळा करत बसू नका, आधी स्वतः खाली या. भिजलेले पापड आई पुन्हा लाटील.

तुमची,
माई