टेंपोकाका

आषाढ जवळ आला की त्र्यंबकेश्वराहून संत निवृत्तिनाथांची पालखी आपल्या सनातन गतीने पंढरीची वाट धरते, आणि त्याच सुमारास नाशिकचे काही डॉक्टर, वकील, हिशेबतपासनीस आणि मधुमेहाची नुकतीच चाहूल लागलेले गृहस्थ ते अंतर सायकलीवरून तीन दिवसांत कापावयास निघतात. पोलीस अधिकारी हरीश बैजल यांच्या प्रेरणेने २०१२ साली सुरू झालेल्या या सायकलवारीत स्वारांची छायाचित्रे विपुल निघतात. परंतु सर्वांच्या मागून केळी, पाणी, ट्यूबा आणि एक बादली घेऊन रांगत येणाऱ्या टेंपोत चालकाशेजारी जो पुरुष विराजमान असतो, त्याच्याकडे कॅमेरा वळत नाही. त्याला टेंपोकाका म्हणतात. दर टेंपोत एक याप्रमाणे हा आढळतो. नावे निराळी, नमुना एकच.

आमचे टेंपोकाका नाशिकरोडच्या नोटांच्या मुद्रणालयातून सेवानिवृत्त झालेले. जेथे एक कागद कमी भरला तर साऱ्यांची मोजणी पुन्हा होते, अशा ठिकाणी उमेदीची वर्षे गेल्यामुळे ते माणसेही नोटांप्रमाणेच मोजतात. सिन्नरला एक शिरगणती, कोल्हारला दुसरी, राहुरीला तिसरी. आणि एखादा स्वार लघुशंकेस झुडपामागे गेला असेल तर तो परत येऊन हजर होईपर्यंत बाकीच्यांना चहाचा परवाना मिळत नाही. स्वतः त्यांना सायकल येत नाही. कोणी तसे सुचविलेच तर ते शांतपणे विचारतात, "नाशिकरोडच्या तुरुंगात जेलर व्हायला आधी शिक्षा भोगावी लागते काय हो?"

पंक्चर हा त्यांचा महोत्सव. ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे कोठून येतात हे पाहणे, या साध्या क्रियेला ते रीतसर पंचनाम्याचे स्वरूप देतात: दोन साक्षीदार उभे करतात, बाभळीचा काटा मुद्देमाल म्हणून आगपेटीत ठेवतात, आणि वहीत वेळ, स्थळ व फिर्यादीचे नाव नोंदवूनच ठिगळाला हात घालतात. ठिगळ वाळेपर्यंत फिर्यादीने टायर कसा तपासावयास हवा होता यावर प्रवचन होते, आणि ते ऐकून घेण्यापेक्षा पुढचे दहा किलोमीटर चालत गेलेले बरे, असे अनेकांचे मत आहे.

पण काकांची खरी कसोटी मोहदरीच्या घाटात लागते. दमलेला स्वार तेथे सायकलीकडे न पाहता टेंपोकडे पाहू लागतो, आणि ती दृष्टी काका ओळखतात. टेंपो रिकामा पंढरपुरी पोहोचणे हीच त्यांची पुण्याई असल्यामुळे ते खिडकीतून डोके काढून सांगतात, "पुढच्या वळणानंतर उतारच आहे, डॉक्टरसाहेब!" ही साक्ष धादांत खोटी असते, वळणानंतर दुसरे वळण असते, आणि तेथेही काका तीच जबानी तितक्याच निष्ठेने देतात. असा तीन वेळा फसलेला डॉक्टर चौथ्या वळणावर माथ्यावर उभा असतो, आणि चढून आल्याचे श्रेय अर्थातच स्वतःकडे घेतो.

२०१५ साली नाशिकच्या महाजन डॉक्टरबंधूंनी सुमारे चार हजार आठशे किलोमीटरची, अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत जोडीने पूर्ण केली, आणि २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पार पाडली, तेव्हा अवघे नाशिक स्वारांचे कौतुक करीत होते. काकांनी मात्र त्या शर्यतीचे नियम मिळवून वाचले. रात्री एकट्या स्वाराच्या मागे दिवे लावलेली मोटार असलीच पाहिजे, नाहीतर त्याला पुढे जाता येत नाही, हे कलम त्यांनी अशा काही समाधानाने आम्हांस ऐकविले की, जणू अमेरिकेने त्यांच्या नावे सनदच धाडली होती.

वेदान्तात दहाव्याची एक कथा आहे. दहा जण नदी उतरून जातात, जो तो इतरांना मोजतो, नऊच भरतात म्हणून सारे रडू लागतात, आणि मोजणारा स्वतःला विसरला हे अखेर वाटसरूला सांगावे लागते. टेंभुर्णीच्या मुक्कामी जेवणाची पाने सांगण्याचे काम काकांकडेच होते. त्यांनी हजेरीची वही उघडली, सगळ्या स्वारांवर खुणा केल्या, चालक मिळवला, बेरीज दोनदा पडताळली आणि आचाऱ्याला आकडा दिला. पंगत बसली तेव्हा एक पान कमी पडले.

काकांनी त्या रात्री टेंपोतली उरलेली चार केळी खाल्ली, आणि वहीत खर्ची घातली.