उष्णकटिबंधातले गुप्तहेर

मुलांच्या रहस्यकथांत हल्ली प्राणीच गुप्तहेर असतात आणि सुट्टीला उष्णकटिबंधातच जातात, ही बाब अत्यंत स्वागतार्ह आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पण त्यांचा नायक झुंजार पडला माणूस. गुप्तहेर मांजराला ना पगार, ना प्रवासभत्ता.

एकच नम्र सूचना. परभणी कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण १९ अंशांवर आहे. म्हणजे रीतसर उष्णकटिबंधच. समुद्र नाही, पण मे महिन्यातला चाळिशीपार पारा अस्सल आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ लोक उगाच म्हणत नाहीत! तेव्हा अशा कथांचा पुढचा भाग इथेच घडावा.

कथानक असे: परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरकडच्या एका शिवारातून रातोरात उन्हाळी भुईमूग गायब होतो. तपास अनुभवी रानडुकराकडे सोपवावा, पंच म्हणून दोन रोही (नीलगायी) घ्यावेत. बारा ते चार तपास बंद. तेवढ्या वेळात गुप्तहेरांनी लिंबाखाली पडून पुरावे पचवावेत. अखेर पंचनामा होतो: खुणा अस्पष्ट, आरोपी अज्ञात, पंचांचे एकमत. सबब प्रकरण बंद.

बालवाचकांनी टाळ्या वाजवाव्यात. शेतकऱ्याने भरपाईच्या अर्जाला तपास अधिकाऱ्याच्या खुराचा ठसा, दोन प्रतींत, जोडावा.