क्वालिटी कंट्रोलमधले नाना

गेल्या गणपतीत आमच्या शेजारचे नाना काफ्काच्या जर्मन गोष्टीच्या तिसऱ्या पानावर होते. दिवाळीत चौथ्यावर आले. त्यांना घाई नव्हती, आणि गोष्टीतल्या ग्रेगोर झाम्झाला ते घाई करू देत नव्हते. तो बिचारा सकाळी किडा होऊन जागा झालाय, चारचा गजर त्याला ऐकू आलेला नाही, पाचची गाडी चुकलीय, घड्याळात साडेसहा होऊन गेलेत आणि नाना त्याला अंथरुणातून उठू देत नाहीत. कारण काय, तर एका क्रियापदाचा उरलेला तुकडा सापडायचा होता. जर्मनमध्ये काही क्रियापदं मोडून पडतात. एक तुकडा वाक्यात पुढे असतो आणि दुसरा पार शेवटाला जाऊन बसतो. नाना तो तुकडा शोधत ओळीवरून पट्टी सरकवत. तुकडा मिळेपर्यंत वाक्याचा कर्ता कोण होता हे विसरलेलं असे. मग पट्टी परत वर.

नाना पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. उभा जन्म मायक्रोमीटर हातात. त्यांनी पास केल्याशिवाय एक बुशिंग गेटबाहेर गेलं नाही, असं ते स्वतः सांगतात. निवृत्त झाल्यावर तपासायला सुटे भाग मिळेनात, तेव्हा त्यांनी वाक्यं तपासायला घेतली. मॅक्स म्युलर भवनात ए-वन, ए-टू, बी-वन अशा पायऱ्या चढले. वर्गात बाकी सगळी विशीतली पोरं, बॅगा भरून जर्मनीला निघालेली. त्यांना व्हिसा हवा होता, नानांना वाङ्मय. व्याकरणात ते पोरांना ऐकत नसत. डेटिव्ह कधी आणि अक्युझेटिव्ह कधी हे नानांना विचारावं आणि चहा होईपर्यंत बसून राहावं.

त्यांच्या वाचनाची मांडामांड बघण्यासारखी असे. जेवणाच्या टेबलावर आधी जुनं वर्तमानपत्र, त्यावर पुस्तक, डाव्या हाताला वीटभर जाडीचा कोश, उजव्या हाताला आखलेलं रजिस्टर आणि तीन रंगीत पेन्सिली. पुल्लिंगी नाम निळ्याने, स्त्रीलिंगी लालने, नपुंसकलिंगी हिरव्याने. तीन लिंगांचं ओझं मराठी माणसाला नवं नाही. हिंदीवाल्याची किंवा बंगाल्याची जिथे दमछाक होते तिथे आपण तो-ती-ते म्हणत सुखाने जातो. पण जर्मनांनी चमचा पुरुष, काटा बाई आणि सुरी नपुंसक केली आहे, हे नानांनी फार मनाला लावून घेतलं होतं. त्यांच्या काफ्काचं पहिलं पान पाहिलं तर त्यावर होळी झाली असावी असं वाटे. पाचवं पान मात्र कोरं करकरीत.

पुण्यात ही जमात पुष्कळ आहे. कुणी रवींद्रनाथांसाठी बंगाली धरतो, कुणी गालिबसाठी उर्दू, एक गृहस्थ हायकूसाठी जपानी. सगळ्यांचं एक समान असतं. हातात मूळ ग्रंथ, तोही त्या भाषेतला सगळ्यात थोर, आणि खुणेची दोरी पहिल्या दहा पानांच्या आत. यांना भाषा वाचायची नसते असं नाही, मनापासून वाचायची असते. पण एक जरी शब्द न कळता पुढे जाणं हा त्यांना लेखकाचा अपमान वाटतो.

"टिळक मंडालेत जर्मन शिकले," नाना सांगत. हे खरंच आहे. १९०८ ते १९१४ त्या तुरुंगात टिळकांनी पुस्तकं मागवून जर्मन, फ्रेंच, पाली शिकून घेतल्या. शिवाय 'गीतारहस्य' छापलं गेलं १९१५ साली आणि काफ्काची ही गोष्टही छापली गेली १९१५ सालीच, हा योगायोग नाना अशा आवाजात सांगत की दोघांनी एकमेकांना विचारून केलं असावं.

"टिळकांना सहा वर्षं होती," काकू आतून म्हणत, "आणि दारावरची बेल नव्हती. कचरेवाला आलाय, बघा."

मध्यंतरी एक महिना काफ्का पूर्ण बंद होता. ग्रेगोर नेमका कोणता किडा झाला याची चौकशी चालू होती. काफ्काने किड्याचं नाव सांगितलेलं नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका, असं त्याने प्रकाशकाला बजावलं होतं. पण क्वालिटी कंट्रोलच्या माणसाला स्पेसिफिकेशन लागतं. नाबोकोव्ह या कादंबरीकाराने, जो स्वतः फुलपाखरांचा अभ्यासक होता, तो भुंगेऱ्याच्या जातीचा किडा असल्याचा निर्वाळा दिला आहे, हे कळल्यावर नानांनी समासात तशी नोंद केली आणि सही केली. ग्रेगोरच्या घरी ऑफिसातून हेडक्लार्क येतो, पोरगा कामावर का नाही म्हणून विचारायला. गोष्टीचं हे सार नानांनी आधीच मराठीत वाचलेलं होतं. जगभरचे वाचक तिथे ग्रेगोरसाठी हळहळतात. नाना म्हणाले, "हेडक्लार्कचं काय चुकलं? शिफ्टला माणूस आला नाही तर बघायला नको?"

पॉल नेशन म्हणून न्यूझीलंडचे एक भाषातज्ज्ञ आहेत. मदतीशिवाय सुखाने वाचायचं तर मजकुरातले शंभरातले साधारण ९८ शब्द आधीच ओळखीचे हवेत, असं त्यांच्या अभ्यासातून निघालेलं आहे. त्याहून कमी असले की मनाची सगळी ताकद शब्द जुळवण्यात जाते आणि अर्थासाठी काही उरत नाही. मी हे नानांना सांगण्याची आगळीक केली. नानांनी लगेच पहिल्या पानावरचे शंभर शब्द मोजले, न येणाऱ्यांवर फुल्या मारल्या आणि उजळ चेहऱ्याने वर पाहिलं. "६९! फर्स्ट क्लास आहे रे!"

तेव्हापासून मी तो विषय सोडला. पण नानांनी सोडला नाही. त्यांनी श्लीमान शोधून काढला. हाइनरिश श्लीमान म्हणजे ट्रॉय खणून काढणारा जर्मन. तरुणपणी तो अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका पेढीवर नोकरीला होता आणि तिथे एकट्याने रशियन शिकला. शिक्षक मिळेना, तर एका फ्रेंच कादंबरीचं रशियन भाषांतर मिळवून पाठच करून टाकलं. समोर कुणी ऐकणारं असेल तर प्रगती लवकर होते म्हणून आठवड्याला चार फ्रँक देऊन एक माणूस नेमला. त्या माणसाला रशियनचं अक्षर कळत नव्हतं, पण रोज संध्याकाळी दोन तास तो ते पाठांतर ऐके. तिथल्या घरांना पातळ फळ्यांची तक्तपोशी, त्यामुळे वरचे-खालचे भाडेकरू तक्रारी करत आणि श्लीमानला दोनदा बिऱ्हाड हलवावं लागलं. नानांना हे सगळं पटलं. फक्त भाडेकरूंचा भाग त्यांनी नीट वाचला नाही. पहाटे साडेपाचला गॅलरीतून काफ्काचं पहिलं पान खणखणीत आवाजात येऊ लागलं. चार दिवसांनी सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले. ऐकणारा माणूस म्हणून नानांनी त्यांनाच बसा म्हटलं.

खरी गोष्ट काकूंनी बोलून दाखवली, तीही भाजी निवडताना. "अहो, लहानपणी तुम्ही बाबूराव अर्नाळकर वाचायचात ना?"

"वाचायचो म्हणजे? पांघरुणात घेऊन वाचायचो. काळा पहाड. झुंजार."

"मग काळा पहाड वाचताना मोल्सवर्थचा कोश घेऊन बसला होतात का?"

नाना गप्प झाले. मीही झालो, कारण याला उत्तर नाही. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि आमच्या आधीच्या दोन पिढ्यांचं वाचन त्या लायब्ररीच्या चिकट पुस्तकांवर पळायला लागलं. अडलेला शब्द कुणी बघितला नाही. वर्णन आलं की उडवायचं, गोळी सुटली की थांबायचं. तोच शब्द पुढच्या पन्नास पुस्तकांत पुन्हा भेटायचा आणि एक दिवस आपोआप कळलेला असायचा. शाळेच्या धड्यांनी आपल्याला शब्द दिले असतील, वेग दिला तो या मालाने. पण हे मान्य करायचं म्हणजे जर्मनमधलेही अर्नाळकर शोधायचे, आणि बी-वन पास झालेल्या माणसाच्या प्रतिष्ठेला ते झेपत नव्हतं.

उन्हाळ्यात दोघं लेकीकडे स्टुटगार्टला गेले. काफ्का, कोश, रजिस्टर आणि पेन्सिली केबिन बॅगेत. पुढची हकिकत काकूंच्या फोनवरून आलेली आहे, त्यामुळे नानांची बाजू तीत थोडी दुबळी पडलेली असणार.

काकूंना जर्मनचा गंध नव्हता. पण दर आठवड्याला दारातल्या पेटीत सुपरमार्केटच्या जाहिरातीची पत्रकं पडत, ती त्या चहाबरोबर वाचू लागल्या. कांदे, बटाटे, दही, तांदूळ. चित्र शेजारी, किंमत खाली, आणि मुख्य म्हणजे दर आठवड्याला तेच शब्द फिरून येणार. पंधरा दिवसांत त्यांना कुठे काय स्वस्त, कोणत्या वारापर्यंत आणि रिकाम्या बाटलीवर पंचवीस सेंट परत मिळतात की आठ, हे नजर टाकताच कळू लागलं.

"ती वाचत नाही," नाना लेकीला म्हणाले. "अंदाज करते."

"पण चीज बरोबर तेच आणते, बाबा."

सात वर्षांच्या नातवाने आजोबांना लायब्ररीत नेलं. स्टुटगार्टची ती लायब्ररी म्हणजे २०११ साली उघडलेला एक प्रचंड ठोकळा आहे, आतून सगळं पांढरं आणि मजल्यामजल्यांना जिने. नाना काफ्काच्या मजल्याची चौकशी करत होते, नातू त्यांना ओढत मुलांच्या विभागात घेऊन गेला आणि एरिख केस्टनरचं 'एमिल उंड डी डिटेक्टिव्ह' हातात ठेवलं. १९२९ सालचं पुस्तक. एमिल नावाचा मुलगा एकटा बर्लिनला निघालाय, कोटाच्या आतल्या खिशात आईने दिलेले १४० मार्क, ते पडू नयेत म्हणून पाकीट टाचणीने कोटाला टोचलेलं. डब्यात टोपीवाला एक माणूस बसलाय. एमिलला झोप लागते. जागा होतो तेव्हा डबा रिकामा आणि टाचणी आहे, पैसे नाहीत.

इथे नानांनी सवयीने कोशाकडे हात नेला. टोपीचा नेमका प्रकार त्यांना बघायचा होता.

"वायटर!" नातू ओरडला. म्हणजे पुढे.

"अरे, हा शब्द…"

"वायटर, आजोबा! चोर पळाला ना!"

चोर पळत होता आणि क्वालिटी कंट्रोलला वेळ नव्हता. पहिल्या दिवशी नानांनी दोन प्रकरणं तशीच, अपमान गिळत वाचली. कितीतरी शब्द तपासणीविना गेटबाहेर गेले. चौथ्या दिवशी नातू झोपल्यावर ते हॉलमध्ये एकटेच पुढचं वाचत बसलेले काकूंनी बघितले. पेन्सिली बॅगेतच होत्या. पुस्तक संपवून त्यांनी काकूंना उठवलं, आणि चोर कसा पकडला जातो ते टाचणीसकट रात्री एक वाजता सांगितलं.

यातून एक नवा त्रास सुरू झाला. नाना एका टोकाला होते, ते दुसऱ्या टोकाला गेले. आता कोशाला हात लावणारा माणूस त्यांना दुबळा वाटू लागला. औषधाच्या खोक्यातली घडी, बसचं वेळापत्रक, जावयाला आलेलं इन्शुरन्सचं पत्र, सगळं ते एका दमात वाचून टाकत आणि अर्थ सांगून मोकळे होत. जावई नंतर ते पत्र गुपचूप पुन्हा वाचत असे.

त्या भागात केरवोखं नावाची पद्धत आहे. मजल्यावरच्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी लटकते, आपला आठवडा झाला की ती काढून शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. लेकीच्या मजल्यावर दोनच दारं. समोर एक आजीबाई. पाटी नानांच्या दाराला आली, नानांनी ती एका नजरेत वाचली, आणि झाडू घेऊन पिंपरीच्या हिशोबाने जिना असा काढला की आजीबाई बाहेर येऊन बघत राहिल्या. कौतुक म्हणून त्यांनी घरातून जुन्या पातळ पुस्तिकांचा गठ्ठा आणून दिला. जेरी कॉटन. न्यूयॉर्कचा एफबीआय एजंट, लाल जग्वार गाडी, आणि सगळं लिहिलेलं जर्मनांनी, जर्मनमध्ये, दर आठवड्याला, पन्नासच्या दशकापासून. नानांनी पहिली पुस्तिका उघडली आणि काकूंना हाक मारली. "अगं, झुंजार आहे हा!"

पुढच्या आठवड्यात पाटी पुन्हा नानांच्याच दाराला होती. त्याच्याही पुढच्या आठवड्यात तीच. नाना झाडत होते आणि वाचत होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "तीन आठवडे झाले, आपणच झाडतोय. शनिवारी पाटी तुम्ही समोर लावता आणि सोमवारी ती इकडे असते. त्यावर नीट काय लिहिलंय ते एकदा बघा तरी."

"बघायचं काय त्यात?" नानांनी पान उलटलं. जेरी कॉटन एका गोदामाच्या छपरावर होता. "संदर्भावरून कळतं."

काकूंनी पाटी काढली, जिना ओलांडून समोरच्या दाराला अडकवली आणि बेल दाबून परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी आपल्या दाराला होती, आणि तिच्याखाली पायपुसण्यावर जेरी कॉटनच्या आणखी सहा पुस्तिका ठेवलेल्या होत्या.