पबजी, कांदा आणि रात्रीची लाइट

सोडलेली गोष्ट परत धरायची की नाही, यावर आमच्या सायखेड्यात फारसा खल होत नाही. तंबाखू सोडलेला माणूस पुन्हा मळायला लागतो तेव्हा कुणाला विचारत नाही. द्राक्षबाग तोडून 'या नादाला परत लागणार नाही' म्हणणारा शेतकरी तिसऱ्या वर्षी खड्डे घेतो, तेव्हा फार तर सोसायटीच्या सचिवाला विचारतो. माझ्यापुढचा प्रश्न मात्र असा आहे की त्यावर घरातल्या प्रत्येकाला मत आहे : पबजी परत चालू करावा का?

आम्ही त्याला पबजीच म्हणतो. 2021 पासून कागदोपत्री तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' आहे. पण जे गाव गोदावरीला गंगाच म्हणतं, त्याला कागदावरच्या नावाचं काय पडलंय?

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शंभर जण विमानातून एका बेटावर उड्या मारतात. बेट आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद. खाली उतरून बंदुका, हेल्मेट, औषधं वेचायची आणि दिसेल त्याला टिपायचं. शेवटी उरेल तो जिंकला. लोकांनी एकाच कोपऱ्यात दबा धरून बसू नये म्हणून एक वर्तुळ हळूहळू आवळत येतं. त्याच्या बाहेर राहिलात की संपलात. हा 'झोन' समजून घ्यायला पुण्या-मुंबईच्या पोरांना वेळ लागला असेल. गंगेकाठच्या पोरांना ते शिकवावं लागलं नाही. वर गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की कुठपर्यंत पाणी येणार, दुकानातला माल किती वाजेपर्यंत माळ्यावर चढवायचा, हे इथे शाळेत जायच्या आधी कळतं. ऑगस्ट 2019 च्या पुरात बाजारपेठेत पाणी शिरलं आणि पुलाला पाणवेलींचा ढीग अडकला, तेव्हा आमच्यातला मापाडी गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडला होता, "पळा रे, झोन आला!"

आमची टोळी चौघांची. एक हा मार्केटातला मापाडी, एक मोटर रिवाइंडिंगवाला, एक पुलापलीकडचा चांदोरीकर आणि मी. चौघांच्या आयडीत मिळून तीन 'किंग' आणि एक 'डॉन' होता. प्रत्यक्षात मापाडी बंदूक उचलण्याआधी ती कितीला जाईल याचा अंदाज घ्यायचा, रिवाइंडिंगवाल्याच्या गाडीतलं पेट्रोल बरोबर मैदानाच्या मध्यात संपायचं आणि चांदोरीकर कुठल्याही नकाशात पूल दिसला की तिथेच नाकाबंदी लावून बसायचा. "पुलावरून सगळ्यांनाच यावं लागतं भो," हे त्याचं युद्धशास्त्र. पुलाशेजारी जन्मल्यावर दुसरं काय सुचणार?

हा खेळ मी सोडला, असं पाहुण्यारावळ्यांत मानलं जातं. सोडला तो असा : 2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारने 118 ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी होता. बायकोने माहेरी कळवलं, "ह्यांनी सोडला बाई एकदाचा." सासऱ्यांनी फोन करून अभिनंदन केलं. मीही ते नम्रपणे स्वीकारलं. दिल्लीहून आयतं चालून आलेलं श्रेय कशाला नाकारायचं? तिकडून फुकट आणखी काय काय येतं ते बाराच दिवसांत कळलं. 14 तारखेला कांद्याची निर्यात बंद.

पुढे जुलै 2021 मध्ये खेळ नवं नाव लावून आला, जुलै 2022 मध्ये ॲपच्या दुकानातून पुन्हा गायब झाला, मे 2023 मध्ये पुन्हा उगवला. या धरसोडीत आमची टोळी पांगली. मापाड्याचं लग्न झालं, चांदोरीकर सिन्नरला कंपनीत लागला. बंदी होती तोवर बरं होतं. खेळत नाही याचं कारण कुणाला द्यावं लागत नव्हतं. आता बंदी नाही आणि चांदोरीकराचा मेसेज येऊन पडलाय, "भो, परत चालू करायचं का?" म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा हा निर्णय मला घ्यायचा आहे. मला त्याची सवय नाही. आमच्याकडे पीक आभाळ ठरवतं, भाव दिल्ली ठरवते आणि उरलेलं बायको.

बाजूने विचार केला तर मुद्दे भक्कम आहेत. पबजीत नुकसान अर्ध्या तासात आटोपतं. बागेत ते ऑक्टोबर छाटणीपासून मार्चपर्यंत पुरवून पुरवून मिळतं. तिथे जखमी होऊन पडलो तर जोडीदार येऊन उचलतो. इथे डावणी रोगाने बाग पडली की जोडीदार येऊन फोटो काढतो. तिथेही माणूस संपल्यावर त्याचा सगळा माल लुटून नेतात, हे खरं. पण आधी समोर येऊन गोळी तरी घालतात. द्राक्षाचा व्यापारी चहा पिऊन, मुलांच्या हातावर चॉकलेट ठेवून माल नेतो आणि मग त्याचा फोन लागत नाही.

शिवाय आता खेळ बराच सोज्वळ झालाय. रक्त हिरवं. माणूस मरत नाही, 'फिनिश' होतो. अठराच्या आतल्यांना आईवडिलांच्या मोबाइलवरून संमती लागते. मला तशी अट नाही. पण माझ्या घरी संमतीचा ओटीपीच येत नाही, थेट आवाज येतो.

विरोधातले मुद्देही आहेत. फोनमध्ये जागा नाही. खेळ घ्यायचा तर सासऱ्यांनी पाठवलेले छाटणीचे व्हिडिओ उडवावे लागतील, आणि ते एकेक व्हिडिओ पाहिला का म्हणून विचारतात. डोळ्यांना चष्मा लागलाय. दिवसभर ब्लोअर धरलेला अंगठा संध्याकाळी चार इंचांच्या बंदुकीचा नेम घेताना थरथरतो. आणि पुतण्याने सांगितलं, "काका, आता तुमच्या काळासारखं नाही राहिलं." पाच वर्षांत माझा 'काळ' होऊन गेला, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी प्रश्न ओट्यावर घरातल्या थोरल्यांपुढे, म्हणजे दादांपुढे गेला. दादांचा पहिला आक्षेप कांद्यावरून. "तुझा तो खेळ आला-गेला की कांद्याला फटका बसतो. चाळीत उन्हाळ कांदा आहे, आत्ता नको."

मी तारखाच काढल्या. "दादा, 2020 ला खेळ बंद झाला, कांदा अडकला. 2023 ला खेळ चालू झाला, तरी ऑगस्टात चाळीस टक्के निर्यात शुल्क आणि डिसेंबरात पुन्हा निर्यातबंदी. म्हणजे मी खेळलो तरी भाव पडतो, नाही खेळलो तरी पडतो. माझा हात नाही यात."

दादांनी बराच वेळ हिशेब लावून पाहिला. पटलं असावं. मग विचारलं, "खेळता कधी तुम्ही?"

"रात्रीच. दहानंतर. सगळे तेव्हाच मोकळे असतात."

"किती वेळ?"

"एक-दोन वाजतात."

इथे बायकोने तोंड उघडलं होतं, पण दादांनी हाताने थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका प्रसन्न भाव मी द्राक्षाचा चेक वटल्यानंतरच पाहिला आहे.

"खेळ की मग," ते म्हणाले. "या आठवड्यात थ्री फेज लाइट रात्रीचीच आहे. तू जागाच आहेस तर खालच्या वावरातलं पाणी तूच भर. आणि बॅटरी घेऊन जा, उसात बिबट्या दिसलाय म्हणतात."

प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. आता विरोधात मी एकटाच उरलोय.